दात कोरणारा लेसर: पंचवीस वर्षं कुठे अडकला होता?

लिटरेचर रिव्ह्यू करताना आपण बहुतेक वेळा मागच्या दहा वर्षांचेच पेपर उघडतो. दातांच्या लेसरच्या बाबतीत तसं केलंत, तर सगळ्यात मजेदार भाग हातून निसटेल.

16 मे 1960 रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात पहिला रुबी लेसर चालवला. चारच वर्षांत लॉस एंजेलिसमध्ये स्टर्न आणि सोग्नेस यांनी तो दातांवर मारून पाहिला. इनॅमल वितळून काचेसारखं झालं, खड्डे पडले. 1965 मध्ये सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो थेट जिवंत माणसाच्या दातावर वापरला. माणूस कोण, तर त्यांचाच भाऊ, तोही डेंटिस्ट! (एथिक्स कमिटीचे फॉर्म भरताना आपला जीव जातो, आणि इथे सख्खा भाऊ खुर्चीत.) भावाने सांगितलं, दुखलं नाही.

आता जरा थांबा आणि विचार करा, ‘दुखलं नाही’ एवढ्यावरून काय सिद्ध होतं? दाताच्या आत पल्प असतो, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा. तो भाजला तर दात मरतो, आणि ते लगेच कळेलच असं नाही. त्याच वर्षी झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांना बाहेरून उष्णता दिली. पल्पचं तापमान साधारण 5.5 अंश सेल्सिअसने वाढलं, तेव्हा 15 टक्के दातांचे पल्प सावरले नाहीत. प्रयोग लेसरचा नव्हताच, पण लेसरवाल्यांना मोजपट्टी मिळाली ती यातूनच. हा आकडा आजही जागोजागी दिसतो. तो वापरण्याआधी मूळ पेपर वाचा, माझं एवढं ऐकाच.

रुबीच्या 694 नॅनोमीटरच्या प्रकाशाला दातातलं खनिज फारसं शोषत नाही आणि पाणीही नाही. मग दात फोडायचा तर ताकद वाढवा, आणि ताकद वाढवली की उष्णता आत. कोंडी फुटली ती तरंगलांबी बदलल्यावर. 1989 मध्ये जर्मनीतल्या उल्मच्या हिब्स्ट आणि केलर यांनी एर्बियम-याग लेसरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याची 2940 नॅनोमीटरची तरंगलांबी पाणी प्रचंड शोषतं. इनॅमलमध्ये पाणी थोडंच, पण त्याची क्षणात वाफ होते आणि ती आजूबाजूचं खनिज उडवून देते. बरीचशी उष्णता त्या कणांबरोबरच बाहेर जाते, उरलेल्यासाठी पाण्याचा फवारा. किडलेल्या भागात पाणी जास्त, म्हणून तो आधी उडतो. अमेरिकेत एफडीएची परवानगी आली 1997 मध्ये.

मग ड्रिल गेला का? नाही. 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात 9 चाचण्या आणि 662 रुग्ण होते. कीड काढण्यात लेसर वरचढ ठरला नाही, पण लेसरच्या गटात बधिर करण्याचं इंजेक्शन कमी जणांना लागलं. पुराव्याचा दर्जा मात्र कमी. त्यात एक अडचण तर उघड आहे: आपल्या तोंडात ड्रिल फिरतोय की लेसर, हे रुग्णापासून लपवणार कसं?