मनिलाचा सोंगाड्या

माझे एक मावसभाऊ नव्वदीच्या दशकात जेद्दाहला नोकरीला होते. एका खोलीत आठ माणसं, त्यांतले तिघे फिलिपिनो. शुक्रवारी सुट्टी असली की ते तिघे घरून आलेली व्हिडिओ कॅसेट लावायचे आणि पोट धरधरून हसायचे. रुळांना खेटून असलेलं एक घर, त्यात भलंमोठं कुटुंब आणि बाजूनं धडधडत जाणारी आगगाडी. "भाषेचं अक्षर कळायचं नाही, पण मीसुद्धा हसायचो," भाईजान सांगायचे. "कुर्ल्याला रुळांशेजारी काढलीच होती की दोन वर्षं!" त्या मालिकेतल्या बापाचं नाव त्यांच्याकडूनच मी पहिल्यांदा ऐकलं. डॉल्फी.

त्याचं खरं नाव रोडोल्फो व्हेरा किझोन. मनिलाच्या टोंडो या दाटीवाटीच्या गरीब वस्तीत २५ जुलै १९२८ रोजी तो जन्मला. बाप जहाजांवर मेकॅनिक, आई शिवणकाम करणारी, आणि हा दहा भावंडांतला दुसरा. पोरवयात तो नाटकघरांतून शेंगदाणे आणि कलिंगडाच्या बिया विकायचा. दोन पैसे मिळायचे आणि खेळही फुकटात बघायला मिळायचा.

तो खेळ म्हणजे 'बोडाबिल'. अमेरिकेचं राज्य आल्यावर तिकडचा 'व्होडव्हिल' हा प्रकार फिलिपिन्समध्ये गेला आणि तिथल्या जिभेवर त्याचं बोडाबिल झालं. गाणं, नाच, जादू, विनोदी प्रवेश, पुन्हा नाच, असा सगळा मिसळीचा मामला. सिनेमा बोलू लागल्यावर तो मागे पडणार असंच चिन्ह होतं. पण जानेवारी १९४२ मध्ये जपानी फौजा मनिलात शिरल्या, हॉलिवूडचे चित्रपट यायचे थांबले, आणि चित्रपटगृहांचे मालक पुन्हा जिवंत माणसांच्या खेळांकडे वळले. सिनेमातले नटही पोटासाठी रंगमंचावर आले.

हे खेळ निव्वळ करमणुकीचे राहिले नाहीत. पुगो आणि टोगो नावाच्या जोडीची हकीकत तिकडे अजून सांगतात. जपानी सैनिक लोकांची घड्याळं काढून घेत. ही जोडी जपानी सैनिक बनून रंगमंचावर आली ती हातभर घड्याळं बांधूनच! प्रेक्षकांत हास्याचा कल्लोळ, आणि त्या हशापायी दोघांना तुरुंग.

अशा दिवसांत शेंगदाणे विकणारा हा किशोर नाचणाऱ्यांच्या मागच्या रांगेत उभा राहिला. पहिलं टोपणनाव 'गोलाय'. मला वाटतं, पुढच्या सगळ्या डॉल्फीचं मूळ या मागच्या रांगेत आहे. त्याचा विनोद आधी अंगात असे, मग तोंडात. नाचणाऱ्या माणसाला ताल कळतो, आणि विनोद म्हणजे तरी काय, एक क्षण थांबून मग पाऊल टाकणं. आमच्या कवितेतही हेच चालतं, पण आम्हाला त्यावर कुणी पैसे देत नाही!

१९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिलाची लढाई झाली. सुमारे एक लाख नागरिक मेले. त्या राखेतून सिनेमा पुन्हा उभा राहिला. थोरल्या फर्नांडो पो यांनी त्याला पडद्यावर आणलं, आणि १९५० च्या दशकात तो 'सांपागिता पिक्चर्स' या बड्या कंपनीत रुजू झाला. १९५४ च्या 'जॅक एन जिल'मध्ये त्यानं बायकी वळणाच्या पुरुषाचं काम केलं आणि ते लोकांनी डोक्यावर घेतलं. १९६९ मध्ये आलेल्या 'फासिफिका फालायफाय'नं तर तो शिक्काच मारला. आपल्याकडे गणपत पाटलांना नाच्याच्या भूमिकांनी नाव दिलं आणि त्याच भूमिकांनी आयुष्यभर सोसायलाही लावलं, हे इथं आठवल्यावाचून राहत नाही.

या चित्रपटांत बायकी हालचालींवर हशा वसूल केला जाई, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच माणसानं १९७८ मध्ये लिनो ब्रोका यांच्या 'आंग ताताय काँग नानाय'मध्ये, टाकून दिलेलं मूल वाढवणारा समलिंगी केशभूषाकार उभा केला. शीर्षकाचा अर्थच 'माझी आई असलेला बाप'. आणि २००० साली 'मार्कोव्हा'. जपानी सैनिकांनी लैंगिक गुलाम म्हणून वापरलेल्या वॉल्टर डेम्पस्टर या समलिंगी माणसाची ही खरी कहाणी. ज्या मनिलात डॉल्फी पोरवयात नाचला, त्याच मनिलात तो बहात्तरीच्या घरात परतला. तरुणपणीच्या भूमिका त्याच्या दोन मुलांनी, एरिक आणि जेफ्री यांनी केल्या, आणि ब्रसेल्सला तिघांना मिळून अभिनयाचं पारितोषिक मिळालं.

मधल्या काळात दूरचित्रवाणीनं त्याला घराघरांत नेलं. 'जॉन एन मार्शा' ही मालिका १९७३ ते १९९०, म्हणजे मार्कोस यांची राजवट आणि तिचा शेवट पाहून, पुढेही चालली. गरीब जावई आणि त्याला सतत टोचणारी श्रीमंत सासू. भाईजानांची रुळांकाठची मालिका त्यानंतरची, १९९२ ते २००३. एव्हाना सिनेनट जोसेफ एस्त्रादा राष्ट्राध्यक्ष होऊन पायउतारही झाले होते. डॉल्फीलाही निवडणुकीचा आग्रह झाला. उभं राहणं सोपं, पण निवडून आलो तर काय करू, अशा अर्थाचं त्याचं उत्तर तिकडे म्हणीसारखं झालं.

सरकारनं त्याला २०१० मध्ये मोठा नागरी सन्मान दिला. 'राष्ट्रीय कलावंत' हा कलेतला सर्वोच्च किताब मात्र दिला नाही. २००९ मध्ये त्याचं नाव निवड समितीपुढे आलं होतं. त्याच्या भूमिकांनी समलिंगींची आणि गरिबांची टिंगल केली, म्हणून आपण विरोधात मत दिलं, असं समितीतल्या एका अभ्यासकानं पुढे उघड सांगितलं. आक्षेपात तथ्य होतं, पण तो अर्ध्याच डॉल्फीवरचा होता. 'मार्कोव्हा'चं पारडं कुणी तोललं?

१० जुलै २०१२ रोजी तो गेला. २००९ च्याच यादीत राष्ट्राध्यक्षांनी आपल्या अधिकारात चार नावं घुसवली होती. ती २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. डॉल्फीचं नाव त्या चौघांतही नव्हतं.