कुत्र्याच्या कातडीवरील गांठ

घरांतील कुत्र्याला आंघोळ घालतांना बरगडीपाशीं वाटाण्याएवढी गांठ हाताला लागते. ती दुखत नाहीं. कुत्रा शेपटी हालवीतच असतो. “चरबीची असेल, पाहूं पुढें,” असें कोणी म्हणतें, आणि सहा महिने निघून जातात. पुष्कळदां त्यानें कांहींच बिघडत नाहीं. कधीं मात्र सर्वच बिघडतें. हा फरक ओळखण्याची विद्या मनुष्याला कशी लाभली, तें आज सांगावयाचें आहे.

१८७८ सालीं पाउल एर्लिख या चोवीस वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्यानें लाइपझिग येथील आपल्या प्रबंधांत, ॲनिलीन रंगांनीं रंगविल्यावर कणांनीं गच्च भरलेल्या दिसणाऱ्या कांहीं पेशींचें वर्णन केलें. त्या खाऊन पुष्ट झाल्या असाव्यात असें समजून त्यानें त्यांना ‘मास्ट’ पेशी म्हटलें. जर्मन भाषेंत जनावरें पोसून लठ्ठ करण्याला हा शब्द आहे. तर्क चुकला, नांव टिकलें.

त्या कणांत अन्न नव्हतें. १९३७ मध्यें स्वीडनमधील होल्मग्रेन व विलांडर यांनीं त्यांचा संबंध रक्त गोठूं न देणाऱ्या हेपरिनशीं जोडला. दहा वर्षांनीं ऑलिव्हर, ब्लूम व मॅन्जिएरी यांनीं पडताळ्यासाठीं कुत्र्यांचीं मास्ट पेशींचीं अर्बुदें तपासलीं; त्यांत हेपरिन विपुल निघालें. १९५३ मध्यें रायली व वेस्ट यांनीं याच पेशींत हिस्टमीन असल्याचें दाखविलें. ज्या रोगानें कुत्रे दगावत, त्यानेंच मानवी वैद्यकाच्या ज्ञानांत अशी भर घातली.

कुत्र्यांच्या त्वचेवरील सुमारें पांच अर्बुदांपैकीं एक या जातीचें असतें. हिस्टमीनमुळें अशी गांठ आज फुगते, उद्यां ओसरते. आणि ओसरली म्हणून घरचीं माणसें निर्धास्त होतात. ती चोळूं नये, दाबूं नये. स्रवलेल्या हिस्टमीननें जठरांत व्रणही पडतात.

१९८४ मध्यें पटनाईक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ८३ कुत्र्यांचीं अर्बुदें तपासून तीन श्रेणी ठरविल्या. १५०० दिवसांनंतर पहिल्या श्रेणींतील ९३ टक्के कुत्रे जिवंत होते. तिसरींतील अवघे ६ टक्के. वरून पाहतां हा भेद कळत नाहीं.

आजही मुख्य उपाय शस्त्रक्रिया हाच आहे. गांठीभोवतालची निरोगी दिसणारी कातडीही कापून काढावी लागते. म्हणूनच गांठ लहान असतां काम सोपें होतें. २०२० मध्यें ऑस्ट्रेलियांतील एका अरण्यवृक्षाच्या बियांपासून काढलेलें, गांठींतच टोचावयाचें औषधही अमेरिकेंत मान्य झालें.

परंतु पहिलें पाऊल साधें आहे. पशुवैद्य बारीक सुईनें थोड्या पेशी काढतो, कांचेवर पसरून रंगवितो, आणि एर्लिखनें वर्णिलेले तेच कण सूक्ष्मदर्शकांत दिसतात. एवढ्या चाचणीसाठीं सहा महिने थांबण्याचें कांहींच कारण नाहीं.