पोस्त आणि पगार

दिवाळी आली की पोस्टमन, गुरखा दारात येतात आणि आपण पोस्त देतो. देताना मनाला बरेही वाटते. पण हीच पोस्त पगाराच्या जागी येऊन बसली म्हणजे काय होते, ते अमेरिकेत पाहावे.

तेथे जॉर्ज पुलमनने १८६७ साली आगगाडीच्या झोपायच्या डब्यांची कंपनी काढली आणि डब्यांतल्या चाकरीला गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले काळे लोक ठेवले. पगार तुटपुंजा, भिस्त सारी उतारूंच्या बक्षिसीवर. बिछाने घालणाऱ्या, बूट पुसणाऱ्या त्या बाप्या माणसांना उतारू सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. म्हणजे मालकाचेच नाव! तरी हसून ‘होय साहेब’ म्हणावे लागे. न म्हणावे तर घरी चूल कशी पेटणार? ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ साली त्यांची संघटना बांधली. कंपनीने करार केला तो १९३७ साली.

वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली बक्षिसीवर चक्क बंदी घातली होती. ती चार वर्षांत उठली. पुढे १९६६ च्या कायद्याने तर बक्षिसी पगारात धरायची मुभाच मालकांना दिली. १९९१ पासून अशा नोकरांचे केंद्रीय किमान रोख वेतन तासाला २.१३ डॉलर, तेवढेच आहे. कमी पडेल ते मालकाने भरावे असे कायदा म्हणतो खरा. पण आधी हात जातो तो गिऱ्हाइकाच्या खिशाकडे.

आणि मागणी वाढतेच आहे. एके काळी शेकडा दहा पुरत. मग पंधरा, मग वीस. आता उभ्याउभ्या कॉफी घेतली तरी गल्ल्यावरचा पडदा विचारतो, अठरा, वीस की पंचवीस? मागे रांग उभी असते.