संगणकाचें कुंपण आणि त्याचे कारभारी

वाड्यावर फेरीवाला किंवा सुतार आला, तर त्याला ओसरीपर्यंत येऊं द्यावयाचें, माजघरांत नाहीं, असा जुन्या घरांचा रिवाज असे. त्याला पाणी हवें असलें, तर घरचा गडी तें आंतून आणून देई. भिंती कितीहि जाड असल्या, तरी घराची सुरक्षितता अखेर त्या गड्याच्या शहाणपणावर अवलंबून राही. पाणी मागणाऱ्यानें गोड बोलून तिजोरीची किल्ली मागितली आणि गड्यानें तीहि आणून दिली, तर भिंतींचा काय उपयोग?

घरोघरच्या संगणकांत आज अशीच एक ओसरी बांधलेली आहे. तिला 'सँडबॉक्स', म्हणजे वाळूची पेटी, असें म्हणतात. परक्या प्रोग्रॅमनें त्या पेटींत हवें तें करावें, पण बाहेर पाय टाकूं नये, हा तिचा नियम. या पेटीचा व तिच्यांतून निसटण्याच्या युक्त्यांचा इतिहास अर्ध्या शतकाचा आहे; आणि भिंत फोडण्यापेक्षां दारावरच्या कारभाऱ्याला फसविणेंच अनेकदां सोपें ठरतें, ही गोष्ट त्यांत पुन्हा पुन्हा दिसून येते.

१९७३ सालीं बटलर लॅम्पसन या अमेरिकन शास्त्रज्ञानें एक लहानसें टिपण प्रसिद्ध केलें. त्या काळीं एकाच मोठ्या संगणकावर अनेकांचीं कामें चालत. दुसऱ्याचा प्रोग्रॅम वापरतांना आपली खाजगी माहिती त्या प्रोग्रॅमच्या मालकाला कळणार नाहीं, याची हमी कशी द्यावी, असा त्याचा प्रश्न होता. उघड दारें सगळीं बंद केलीं, तरी चोरवाटा उरतात, हें त्यानें दाखवून दिलें. कामाच्या बिलाच्या आंकड्यांतहि गुप्त निरोप दडवितां येतो!

बिलांचीच दुसरी एक हकीकत १९८८ सालीं नॉर्मन हार्डी यानें लिहिली. कॅलिफोर्नियांतील टाइमशेअर कंपनीच्या संगणकावर एक कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, होता. आपल्या कामाची आंकडेवारी ठेवण्यासाठीं त्याला एका राखीव कप्प्यांत लिहिण्याची परवानगी दिलेली होती. कंपनीच्या बिलांची नोंदहि त्याच कप्प्यांत असे. एका ग्राहकानें आपल्या कामाचा तपशील कोणत्या फाइलींत लिहावा हें कंपायलरला सांगतांना नेमकें त्या बिलांच्या फाइलीचें नांव दिलें. ग्राहकाला त्या फाइलीला हात लावण्याचा अधिकार नव्हता, कंपायलरला होता. त्यानें निमूटपणें लिहिलें, आणि बिलांची नोंद पुसली गेली. कुलूप कोणींच तोडलें नव्हतें. दोन धन्यांची चाकरी करणाऱ्या नोकराला आपण कोणाच्या हुकुमावरून कोणाची किल्ली फिरवीत आहों, याचें भान राहिलें नाहीं, इतकेंच. अशा नोकराला हार्डीनें 'गोंधळलेला कारभारी' या अर्थाचें नांव दिलें, आणि तें शास्त्रांत रूढ झालें.

घरगुती संगणकावर मात्र पुष्कळ काळ ओसरीच नव्हती. माणसाला आपल्या संगणकावर जें जें करतां येई, तें सारें त्यानें चालविलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमलाहि करतां येई. खेळाचा प्रोग्रॅम खाजगी पत्रें वाचूं शके. १९९५ सालीं इंटरनेटवरून येणारे जावा प्रोग्रॅम पेटींत कोंडून चालविण्याची प्रथा आली. पुढच्याच वर्षीं प्रिन्स्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं त्या पेटीच्या फटी दाखवून दिल्या. पुढें २००७ सालीं मॅक व विंडोज यांच्या नव्या आवृत्त्यांत अशा कोंडणीची सोय झाली, आणि २००८ सालीं गूगलच्या क्रोम ब्राउझरनें आपले दोन भाग केले. परक्या पानांशीं झटणारा भाग पेटींत राहिला. बाहेरचें काम करून देणारा कारभारी पेटीबाहेर बसला.

ही रचना किती मजबूत ठरली, तें २०१२ च्या मार्च महिन्यांत व्हँकुव्हर येथें दिसलें. क्रोमची पेटी फोडणाऱ्यास गूगलनें ६०,००० डॉलरांचें बक्षीस ठेवलें होतें. 'पिंकी पाय' हें टोपणनांव घेतलेल्या एका तरुणानें तें मिळविलें. पण त्यासाठीं त्याला सहा निरनिराळे दोष एकापुढें एक गुंफावे लागले. पूर्वीं एका दोषानें जें साधत असे, त्याला आतां सहा लागूं लागले, हें पेटीचें खरें यश होय.

तरीहि दारें राहिलींच, कारण दार नसलेल्या पेटींत कोणतेंच काम होत नाहीं. २०२२ सालीं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं मॅकवरील वर्ड या प्रोग्रॅमची गोष्ट प्रसिद्ध केली. पेटींतल्या वर्डला ठराविक चिन्हांनीं सुरू होणाऱ्या नांवाच्या फाइली बाहेर ठेवण्याची मुभा होती. दस्तऐवजांत दडलेली घातकी सूचना अशी एक फाइल ठेवी, आणि मग संगणकाच्याच एका सेवेला विनंती करी कीं, पायथॉन हा प्रोग्रॅम सुरू करून ही फाइल त्याला वाचावयास द्यावी. ती सेवा पेटीबाहेरची. म्हणून तिनें सुरू केलेला पायथॉनहि पेटीबाहेर चाले. ॲपल कंपनीनें तें दार त्याच वर्षीं मे महिन्यांत बुजविलें.

२०२५ च्या मार्चमधील प्रकार याहून गंभीर होता. रशियांतील वृत्तसंस्था, विद्यापीठें व सरकारी कचेऱ्या यांतील लोकांना एका परिषदेच्या निमंत्रणाचीं पत्रें आलीं. पत्रांतील दुव्यावर बोट पडलें कीं काम संपलें. आणखी कांहीं करण्याची गरजच नव्हती. कॅस्परस्की कंपनीच्या तज्ज्ञांनीं शोध केला, तेव्हां विंडोजवरील क्रोमचा कारभारी फसलेला आढळला. विंडोजमध्यें 'मी स्वतः' अशा अर्थाची एक खूण आहे. पेटींतल्या भागानें ती खूण कारभाऱ्याकडे धाडली, आणि कारभाऱ्यानें 'मी' या शब्दाचा अर्थ आपण स्वतः असा घेऊन आपलीच किल्ली त्याच्या हातीं दिली. गूगलनें ही चूक त्याच महिन्यांत दुरुस्त केली. तें पाहून फायरफॉक्सच्या कर्त्यांनीं आपलें घर तपासलें, तों तेथेंहि तशीच फट निघाली.

हार्डीचा कंपायलर आणि क्रोमचा हा कारभारी यांच्यामध्यें कित्येक दशकांचें अंतर आहे; पण चूक एकाच जातीची आहे. निमंत्रणाचें पत्र उघडणाऱ्या पत्रकारानें वा प्राध्यापकानें वेंधळेपणा केला, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांनीं पेटीवर विश्वास ठेवला, आणि रोजच्या व्यवहारांत तसा विश्वास ठेवल्यावांचून कोणाचेंच चालत नाहीं. म्हणूनच संगणक जेव्हां दुरुस्ती बसविण्याची परवानगी मागतो, तेव्हां तिला कंटाळून 'उद्यां' म्हणणें बरें नव्हे. कोठें तरी एक कारभारी फसल्याचें उघडकीस आलेलें असतें, आणि त्याला शहाणें करण्यासाठींच ती दुरुस्ती दाराशीं येऊन उभी असते.