एकाच हौदाचे पाणी

परळच्या 'बाई साकरबाई दिनशा पेटिट' रुग्णालयाचे हे पूर्ण नाव आमच्या लालबागच्या चाळीत कुणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. सगळे त्याला 'बैलघोडा' म्हणत. नव्या पाहुण्याला पत्ता सांगताना 'बैलघोड्याच्या अलीकडे' एवढे पुरायचे. माझ्या लहानपणी तिथे दिसत ती बहुतेक कुत्री-मांजरे, घोडा क्वचितच. मग नावात घोडा कशाला, हा प्रश्न मला पडायला चाळिशी उलटावी लागली.

उत्तर रस्त्यावर होते. 9 मे 1874 रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली, ती घोड्यांनी ओढलेली. सुरुवातीला कंपनीच्या तबेल्यांत नऊशेच्या आसपास घोडे होते. 1905 मध्ये घोड्यांची ट्राम बंद झाली तेव्हा ती संख्या 1360 वर गेली होती. याखेरीज व्हिक्टोरिया, शेठसावकारांच्या बग्ग्या, शर्यतीचे आणि लष्कराचे घोडे. इराणी आखातातून अरबी आणि ऑस्ट्रेलियातून 'वेलर' घोडे जहाजांनी इथे उतरत. दूरदूरच्या मुलुखांतली जनावरे एका बेटावर, दाटीच्या आणि ओलसर तबेल्यांत, दावणीला दावण लावून उभी. अशा ठिकाणी ग्लँडर्स शिरला नसता तरच नवल.

ग्लँडर्स हा घोडा, गाढव आणि खेचर यांचा जिवाणूजन्य रोग. जनावराला ताप येतो, जबड्याखालच्या गाठी सुजतात, नाकपुडीतून चिकट पिवळसर स्राव गळू लागतो आणि नाकाच्या आत व्रण पडतात. रोग कातडीवर उतरला, की पायावर गाठींची माळ उठते आणि फुटते. या रूपाला 'फार्सी' म्हणतात. (पारशांच्या शहरात हा शब्द ऐकून लोकांनी काय तर्क केले असतील कोण जाणे! इराणी भाषेशी त्याचा काही संबंध नाही.) पण खरा धोका असतो तो लक्षणे लपवून बसलेल्या जनावराचा. जुनाट रोग झालेला घोडा महिनोन् महिने खातो, पितो, गाडी ओढतो आणि शेजारच्याला रोग देतो. स्राव मिसळतो पाण्याच्या हौदात, चंदीच्या तोबऱ्यात, खरारा करण्याच्या ब्रशात. मोतद्दारालाही तो गाठतो, आणि प्रतिजैविके येण्यापूर्वी माणसाला झालेला ग्लँडर्स बहुधा जीव घेऊनच जाई.

इथे मला मुंबईच्या पाणपोयांची आठवण होते. आईवडिलांच्या स्मरणार्थ कुणा दानशूराने बांधलेली दगडी पाणपोई, वर माणसांसाठी तोटी आणि खाली जनावरांसाठी हौद. तहानलेल्या घोड्याला पाणी पाजणे यापरते सोपे पुण्य नाही. आणि त्याच हौदात नाक बुडवून गेलेला एक रोगी घोडा मागून येणाऱ्या सगळ्यांना आपला रोग देऊन जाऊ शकत होता. दयेची वाट आणि रोगाची वाट एकच असणे ही या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते.

मुंबईत प्राण्यांविषयीच्या दयेला संस्थेचे रूप येऊन तोवर बरीच वर्षे झाली होती. 1832 मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून शहरात दंगल उसळली. त्यानंतर 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला, गिरगावच्या उंबरठ्यावर, पांजरपोळ उभी राहिली. तिचे तत्त्व साधे होते: जनावराला मारायचे नाही, मरेपर्यंत पोसायचे. चाळीस वर्षांनी, 1874 मध्ये, प्राणिक्रूरता प्रतिबंधक मंडळी स्थापन झाली. पुढच्या दशकात सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावाने, परळचे रुग्णालय झाले. 2 ऑगस्ट 1886 रोजी त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. लष्करी पशुवैद्य जेम्स हेन्री स्टील त्याचे पहिले प्राचार्य. पांजरपोळ पोसत होती, परळ उपचार करणार होते. ग्लँडर्सपुढे मात्र दोन्ही वाटा खुंटत. या रोगावर औषध नव्हते. रोगी घोडा पोसणे म्हणजे रोग पोसणे.

जर्मनीत लोफ्लर आणि शुट्झ यांनी 1882 मध्ये या रोगाचा जिवाणू वेगळा केला. त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी रशियात हेलमन आणि काल्निंग यांनी त्याच जिवाणूंच्या अर्कापासून 'मॅलेईन' तयार केले. निरोगी घोड्याला ते टोचले तर विशेष काही होत नाही. रोगी घोड्याला ताप चढतो, टोचलेली जागा सुजते. पुढे ते पापणीत टोचण्याची रीत पडली: दोन दिवसांत पापणी सुजून डोळा चिकट झाला, की निदान पक्के. वरकरणी धडधाकट दिसणारा घोडा आता ओळखता येऊ लागला. खुद्द काल्निंग प्रयोग करता करता ग्लँडर्सनेच 1891 मध्ये वारला.

हिंदुस्थानात 1879 चा कायदा होताच. 1899 मध्ये त्याच्या जागी 'ग्लँडर्स अँड फार्सी' कायदा आला. निरीक्षकाने तबेल्यात शिरावे, संशयित घोडा ताब्यात घ्यावा, पशुवैद्याने चाचणी करावी, रोग ठरला तर घोडा ठार करावा, तबेला शुद्ध करावा. रोग दडवणे हा गुन्हा. निरीक्षकाने उगाच छळले तर त्यालाही शिक्षा होती, म्हणजे छळ होणार हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलेच होते.

शास्त्र म्हणून हे बरोबरच होते. चाचणी घ्या आणि मारा, याच मार्गाने ब्रिटनने 1928 पर्यंत आणि अमेरिकेने 1934 पर्यंत हा रोग संपवला. लस आजही नाही. पण तबेल्याच्या दारात उभे राहून पाहिले तर? हजारभर घोडे असलेल्या ट्राम कंपनीला एक घोडा गेला तर हिशेबाच्या वहीत एक ओळ वाढते. दोन घोड्यांच्या जिवावर व्हिक्टोरिया चालवणाऱ्याचा एक घोडा गेला तर अर्धा संसार जातो. नाक गळणाऱ्या घोड्याचे नाक पुसून त्याला रात्रीच्या अंधारात जुंपायचा मोह अशा माणसाला का होऊ नये? त्याला गुन्हेगार म्हणणे सोपे आहे. माझ्या मते रोगाची पहिली खबर त्याच्याकडेच असते, आणि तो बोलेल की नाही यावर मॅलेईनच्या कुपीचे यश ठरते.

विजेची ट्राम 1907 मध्ये आली, मग मोटारी आल्या आणि मुंबईतला ग्लँडर्सचा प्रश्न घोड्यांबरोबरच आटला. परळच्या नावात तेवढा घोडा उरला. जून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने हौसेच्या व्हिक्टोरियाही बेकायदा ठरवल्या.

रोग मात्र गेला नव्हता. 2006 मध्ये महाराष्ट्रातच तो पुन्हा डोके वर काढून उभा राहिला आणि पुढे देशभरातल्या वीटभट्ट्यांवर, जत्रांत, वरातींत दिसत राहिला. 1899 चा कायदा 2009 च्या नव्या कायद्यात विलीन झाला. आता रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात. रोग ठरला की ठरावीक परिघात घोड्यांची ये-जा बंद होते, त्यापलीकडच्या पट्ट्यात तपासणी चालते, आणि रोगी जनावर शांतपणे मारून खोल पुरले जाते. मालकाला भरपाई देण्याची सरकारी योजना आहे.

गेल्या मार्गशीर्षात दादरला एका लग्नाच्या वरातीत पांढरी घोडी होती. नवरदेव उतरल्यावर घोडीवाला तिला बादलीतून पाणी पाजत होता. बादली त्याची स्वतःची, घरून आणलेली. "दुसऱ्याच्या भांड्यात तोंड घालू देत नाही मी," तो म्हणाला. ग्लँडर्सचे नाव त्याने ऐकले होते. उद्या हिचे नाक गळू लागले तर सरकारी दवाखान्यात कळवाल का, असे मी विचारले. त्याने घोडीच्या मानेवर हात ठेवला.

"कळवीन की. पण काका, ते भरपाईचे पैसे किती दिवसांनी हातात पडतात, ते आधी सांगा."