पक्षाघातानंतरची वर्षे

सांगली - ‘अंगावरून वारं गेलं’ असे पक्षाघाताबद्दल आपल्याकडे आजही म्हटले जाते. प्रत्यक्षात हा आजार मेंदूच्या रक्तवाहिनीचा आहे. वाहिनीत गुठळी अडकते किंवा वाहिनी फुटते, मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो आणि शरीराची विरुद्ध बाजू लुळी पडते. नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘वाचतील का?’ असा असतो. घरी परतल्यावर ‘किती वर्षे?’ हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे आहे. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. जुलै १८८८ मध्ये, वयाच्या ६१व्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला व उजवी बाजू निकामी झाली. त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे झटक्यानंतर ते सव्वादोन वर्षांहून अधिक जगले. रक्तदाब मोजण्याचे साधनही वैद्यांच्या हाती नव्हते, त्या काळातील ही गोष्ट आहे.

आता आकडे पाहू. मुंबईत २००५ आणि २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल व सहकाऱ्यांनी एका वॉर्डातील लोकवस्तीची पाहणी केली. प्रथमच पक्षाघात झालेल्या ४५६ रुग्णांचे सरासरी वय ६६ होते आणि २८ दिवसांच्या आत जवळजवळ ३० टक्के रुग्ण दगावले. दीर्घकालीन पाठपुराव्यासाठी ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराची पाहणी नेहमी आधाराला घेतली जाते. तेथे पाच वर्षांनी सुमारे ४० टक्के, तर दहा वर्षांनी सुमारे २१ टक्के रुग्ण हयात होते. हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ते रुग्ण १९८९-९० मधील, म्हणजे गुठळी विरघळवणारे औषध रूढ होण्यापूर्वीचे आहेत. शिवाय त्यांतील बहुतेक वृद्ध होते आणि पक्षाघात झाला नसता तरी त्यांतील काहींचा मृत्यू त्या काळात झालाच असता. तरीही समवयस्कांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट राहिला.

पहिल्या काही दिवसांत मृत्यू होतो तो बहुधा मेंदूतील सूज किंवा रक्तस्रावामुळे. पुढे कारणे बदलतात. गिळण्याची क्रिया बिघडल्याने पाणी वा पेज श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. घास घेताना वारंवार ठसका लागत असेल, तर आडवे झोपवून भरवणे धोक्याचे ठरते. एकाच कुशीवर पडून राहिल्याने शय्याव्रण होतात. त्यानंतरच्या वर्षांत मात्र हृदयविकार आणि दुसरा झटका ही मोठी कारणे ठरतात. दुसऱ्या झटक्याचा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो. नेमक्या याच काळात ‘आता बरे वाटते’ म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या जातात. मालिशीला घरात कधी खंड पडत नाही, गोळीला पडतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे की नाही हे डॉक्टरांनाच विचारायला हवे.

आपल्याकडे सेवेचा सगळा भार घरच्यांवर, बहुधा सुनेवर किंवा पत्नीवर असतो. कुटुंबीयांनाच व्यायाम शिकवला तर काय होईल, याची चाचणी भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. घरच्यांची सेवा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. पण प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जागा ती घेऊ शकत नाही, हे त्यातून दिसते.

सांगली जिल्ह्यात हीच खरी अडचण आहे. मिरजेला वैद्यकीय उपचारांची परंपरा मोठी, डॉ. विल्यम वानलेस यांनी येथे १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. पण जत तालुक्याच्या पूर्व टोकाची गावे येथून शंभर किलोमीटरहून दूर आहेत. झटका ओसरल्यावर आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी वृद्धाला एवढ्या लांब आणायचे कुणी? फुले यांचेच नाव असलेली राज्याची जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी काढायच्या वर्षांचा खर्च बहुतांशी कुटुंबच सोसते.

दुसरा झटका आल्यास पहिल्यावेळची चूक टाळता येते. चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात उचलता येईना किंवा बोलणे अडखळू लागले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी असल्यास ती विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. हे तास लक्षणे लक्षात आल्यापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजले जातात. झोपेतून उठताना लुळेपणा आढळला, तर रात्री ते किती वाजता झोपले हे डॉक्टरांना सांगावे लागते.