शाप न देणारा पाद्री

इतिहासाच्या तासाला दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा धडा आला, की मुलांना दोन नावे चटकन पाठ होतात : एक गांधीजींचे आणि दुसरे जनरल स्मट्सचे. या दोघांच्या मध्ये उभा राहिलेला तिसरा माणूस मात्र धड्यात एखाद्या ओळीपुरताच येतो, किंवा येतही नाही. तो इंग्रज होता, पाद्री होता. आणि ज्या १९१४ साली त्याने ही मध्यस्थी केली, त्याच साली त्याने आपले पाद्रीपणही सोडले. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज हे त्याचे नाव. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या, हा मला नुसता योगायोग वाटत नाही.

अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ चा, न्यूकॅसलचा. वडील धर्मोपदेशक. केंब्रिजला शिकून, रीतसर दीक्षा घेऊन ते १९०४ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आले. जेत्यांच्या जातीचा माणूस दिल्लीत आला की त्याने आपल्या लोकांत राहावे, अशी तेव्हाची रीत. अँड्र्यूज मात्र वृद्ध मौलवी झकाउल्ला यांच्या पायाशी बसून जुन्या दिल्लीच्या आठवणी ऐकू लागले. कॉलेजच्या प्राचार्यपदावर सुशीलकुमार रुद्र हे हिंदी गृहस्थ यावेत म्हणून ते अडून बसले, आणि १९०६ साली तसे घडले. पुढे १९१२ साली लंडनमध्ये रवींद्रनाथांची भेट झाली, आणि त्यांचे मन शांतिनिकेतनाकडे ओढ घेऊ लागले.

तिकडे आफ्रिकेत सत्याग्रह ऐन भरात आला होता. गोपाळराव गोखले १९१२ साली स्वतः तिथली परिस्थिती पाहून आले होते. १९१३ च्या अखेरीस त्यांनी अँड्र्यूज आणि त्यांचे मित्र पिअर्सन यांना तिकडे धाडले. जानेवारी १९१४ च्या आरंभी दर्बानच्या धक्क्यावर उतरताच अँड्र्यूजनी गिरमिट्या मजुरासारखा साधा वेष केलेल्या गांधीजींना वाकून नमस्कार केला, पायांना हात लावला. एका गोऱ्या पाद्र्याने काळ्या माणसाचे पाय शिवावेत! तिथल्या गोऱ्या समाजात केवढा गहजब झाला!

त्याच महिन्यात रेल्वेच्या गोऱ्या कामगारांनी मोठा संप केला. सरकार पेचात सापडले, लष्करी कायदा पुकारला गेला. राजकारणात मुरलेला कोणीही म्हणाला असता, आता घाव घाला. गांधीजींनी उलट आपला मोर्चा थांबवला. प्रतिपक्षाच्या अडचणीचा फायदा घ्यायचा नाही, ही त्यांची रीत. स्मट्सच्या एका चिटणिसाने पुढे अर्धवट थट्टेत कबूल केले, की तुम्ही संपवाल्यांसारखी दांडगाई केली असती तर तुमचा समाचार कसा घ्यावा हे आम्हाला ठाऊक होते. या सौजन्यापुढे मात्र आमचा इलाज चालत नाही.

पुढे बोलणी सुरू झाली आणि एका शब्दप्रयोगावर घोडे अडले. गांधीजी हटेनात, स्मट्स वाकेनात. फिनिक्सहून कस्तुरबा अत्यवस्थ असल्याची तार आली होती. इंग्लंडात अँड्र्यूज यांची आईही त्याच जानेवारीत वारली. अशा मनःस्थितीत अँड्र्यूजनी दोघांनाही मानवेल असा वेगळा शब्द सुचवला. गांधीजींनी होकार दिला, अँड्र्यूज तो घेऊन स्मट्सकडे गेले, आणि स्मट्सनीही तो मान्य केला. त्या तात्पुरत्या समझोत्यातूनच पुढे कायदा झाला : तीन पौंडांचा जाचक कर गेला, हिंदू, मुसलमान व पारशी विवाहांना मान्यता मिळाली. अर्थात सारे मिळाले असे नव्हे. एका प्रांतातून दुसऱ्यात जाण्याची बंदी राहिली, मताधिकार नव्हताच. आणि तिथल्या मूळच्या आफ्रिकी जनतेची गाऱ्हाणी तर त्या कागदावर आलीही नाहीत. विनयाने सर्व प्रश्न सुटतात, असे म्हणणे म्हणजे इतिहासाशी लबाडी होईल.

हिंदुस्थानात परतल्यावर अँड्र्यूज शांतिनिकेतनात राहायला गेले आणि त्यांनी धर्मगुरूचे काम सोडले. कारणे अनेक होती. परंतु एक कारण मला सर्वांत बोलके वाटते. इंग्लंडच्या चर्चमध्ये काही सणांच्या दिवशी 'अथनेशियन क्रीड' म्हणण्याचा प्रघात होता. ही श्रद्धा जो संपूर्ण पाळणार नाही त्याचा कायमचा नाश होईल, असा त्याचा आशय. झकाउल्लांचा स्नेह ज्याने अनुभवला, रवींद्रनाथ आणि गांधी ज्याने जवळून पाहिले, त्याने हे शब्द वेदीपुढे उभे राहून कोणत्या तोंडाने म्हणावेत? अँड्र्यूजना ते म्हणवेनात. ख्रिस्तावरची त्यांची भक्ती मरेपर्यंत तसूभरही कमी झाली नाही. त्यांनी सोडला तो दुसऱ्याला शाप देण्याचा अधिकार.

त्यांच्या राजकारणाचे मूळही मला इथेच दिसते. शाप द्यायचा नाही, पण सत्य गिळायचेही नाही. १९१५ साली ते पिअर्सनसह फिजीला गेले, गिरमिट्यांचे हाल त्यांनी जगापुढे मांडले, आणि १९२० च्या पहिल्या दिवशी तिथले उरलेसुरले करार रद्द झाले. 'दीनबंधू' ही पदवी लोकांनीच त्यांना दिली. हिंदुस्थानला संपूर्ण स्वातंत्र्य हवे, हे काँग्रेसने लाहोरला १९२९ साली ठरवले. हा इंग्रज ते वीसच्या सुमारास लिहीत होता. मवाळ जिभेचा माणूस मवाळ मागणीचाच असतो, हा समज किती पोकळ!

१९२१ साली विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या, तेव्हा अँड्र्यूजनी आपल्या या परममित्रालाच पत्र लिहिले, की या ज्वाळांतून वंशद्वेष भडकेल असे मला भय वाटते. गांधीजींना ते पटले नाही. पण त्यांनी काय केले? ते पत्र 'यंग इंडिया'त छापले आणि खाली आपले उत्तर दिले. मतभेद राहिला, मैत्रीही राहिली.

आपल्या महाराष्ट्राला हा धडा परका नाही. सुरतेला १९०७ साली काँग्रेसच्या मंडपात जोडा भिरकावला गेला, तोही आपला इतिहास. आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले, तेव्हा सिंहगडाहून खाली उतरून त्यांच्या चितेपाशी गुणगौरव करणारे टिळक, हाही आपलाच इतिहास. यांपैकी कोणता वारसा मुलांच्या हाती द्यायचा, हे मोठ्यांनी आपल्या बोलण्यावागण्यातून ठरवायचे असते. कायदेभंगाला 'सविनय' हे विशेषण आपल्याच भाषेने लावले. मग वादाला, प्रचाराला आणि सभेतल्या भाषणाला ते लावायला हरकत कोणती?

५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात अँड्र्यूज वारले. स्मट्सची आणखी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. गांधीजींनी तुरुंगात स्वहस्ते शिवलेल्या वहाणांचा जोड स्मट्सना भेट दिला होता. स्मट्सनी त्या पुष्कळ उन्हाळे वापरल्या, आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तरीच्या निमित्ताने लिहिताना, एवढ्या थोर माणसाच्या वहाणांत पाय घालण्याची आपली योग्यता नाही, असे नमूद केले. ज्याला तुरुंगात टाकले त्याच्याविषयी टाकणाऱ्याने असे लिहावे, ही किमया शिव्याशापांनी साधली नसती.